घरात राहायला आलेल्या डास-किड्यांच्या अंगात काय बदललं? (टिपाड, हौद, कूलरसह)

भुईकोट
पावसाळा आला की डेंग्यूच्या प्रत्येक धाग्यावर "परिसर स्वच्छ ठेवा" यापुढे गाडी जात नाही. इथे जरा मुळात जाऊ. रोग पसरवणारे किडे माणसाच्या घरात मुक्कामाला आले तेव्हा त्यांच्या शरीरात काय बदललं आणि त्याचा आपल्या टिपाडाशी काय संबंध, हे जाणकारांनी लिहावं. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी सुटतं. उजनी भरलेलं असो वा नसो, घरात साठा हा करावाच लागतो. म्हणून सुरुवात साठ्याच्या पाण्यात वाढणाऱ्या आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासापासून.

हा डास मूळचा आफ्रिकेच्या जंगलातला. तिथे त्याचा मूळ प्रकार (फॉर्मोसस) अजून आहे: अंगाने काळा, झाडाच्या ढोलीतल्या पाण्यात अंडी घालणारा, मिळेल त्या जनावराला चावणारा. घरात राहणारा प्रकार फिकट, तपकिरी. पोटाच्या पहिल्या खंडाच्या पाठीवर पांढरे खवले दिसले तर घरचा, नसले तर रानातला, ही ओळख मॅटिंग्ली या कीटकशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये ठरवली.

रंग डोळ्यांना दिसतो, पण खरा फरक मिशांमध्ये आहे. केनियात मोंबासाजवळ रबाई भागात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी सापडतात, घरात तपकिरी आणि लगतच्या झाडीत काळे. त्यांची तुलना २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. घरच्या मादीच्या मिशांमध्ये 'ओआर ४' नावाचा वास टिपणारा ग्राहक (रिसेप्टर) जास्त प्रमाणात तयार होतो आणि तो जास्त तिखटही असतो. सल्केटोन नावाचं रसायन माणसाच्या अंगाच्या वासात भरपूर असतं, ते तो टिपतो. शेळी आणि माणूस शेजारी बसले तरी ही मादी माणसाकडे येते ती यामुळे.

२०२० मध्ये आफ्रिकेतल्या अनेक ठिकाणच्या डासांची तुलना झाली. माणसाची ओढ सगळ्यात जास्त कुठे निघाली? जिथे कोरडा ऋतू लांब आणि कडक, तिथे. पाऊस नसताना पाणी फक्त माणसाच्या भांड्यात उरतं, मग डास भांड्यामागे आणि भांड्यामागून माणसामागे. दुष्काळी पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला हे समजावून सांगायला नको.

सूक्ष्मदर्शी
लेख चांगला, पण एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो, नाहीतर पुढे सगळे "घरामुळे बदललं" म्हणत सुटतील. एडिसचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे त्याचं अंडं, आणि ते घरात येण्याच्या आधीपासूनचं आहे. ढोलीतलं पाणी आटतं, पुन्हा पावसात भरतं. त्या आयुष्यासाठी तयार झालेलं अंडं टिपाडात आयतं लागू पडलं. घराने रंग बदलला, नाक बदललं, अंडं नाही.

अंड्याची रचना अशी. मादी एका खेपेला साधारण शंभरेक अंडी घालते, पण गठ्ठ्याने नाही, सुटी सुटी आणि बहुतेक वेळा एकाच भांड्यात सगळी नाही. जागा निवडते ती पाण्याच्या पातळीच्या जरा वर, ओलसर भिंतीवर. घातलं तेव्हा अंडं पांढरं आणि मऊ असतं, काही तासांत काळं पडतं. सुमारे अर्ध्या दिवसात आतून कायटिनचा (किड्यांच्या कवचात असतं त्या द्रव्याचा) एक थर तयार होतो, त्याला सिरोसल क्युटिकल म्हणतात. तो झाला की पाणी आतून बाहेर जाणं जवळपास थांबतं. क्युलेक्स आणि अ‍ॅनाफिलीस या दुसऱ्या डासांच्या अंड्यांनाही हा थर असतो, पण ती कोरड्यात तासांच्या, फार तर दिवसा-दोन दिवसांच्या हिशोबात मरतात. एडिसची काही महिने टिकतात, दमट सावलीत वर्षभरसुद्धा.

दुसरं म्हणजे सगळी अंडी पहिल्या पाण्यात फुटत नाहीत. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन कमी होणं हा फुटण्याचा एक इशारा असतो. काही अंडी पहिल्या भरणीला फुटतात, काही पुढच्या. म्हणून "एकदा भरून ओतून दिलं, झालं काम" हे चालत नाही.

पूर्वभाग
मालक, मग ते 'कोरडा दिवस पाळा' म्हणतात ते चुकीचं का? आमच्या गल्लीत सगळे टिपाड उपडं करतात आणि लगेच नळाखाली लावतात.

सूक्ष्मदर्शी
चुकीचं नाही, अर्धवट केलं जातं. कोरडा दिवस अळीसाठी आहे. अंड्यातून बाहेर पडल्यापासून डास उडेपर्यंत आपल्याकडच्या उन्हाळी-पावसाळी उबेत आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा रिकामं. पण भिंतीवरची अंडी ओतण्याने जात नाहीत, ती चिकटलेली असतात. घासलं तरच निघतात.

नळाची_वाट
घासण्याची रीत लिहितो, कारण यातच सगळ्यांचं चुकतं.

पाणी सुटायच्या आदल्या रात्री किंवा त्या सकाळी टिपाड रिकामं करा. तळाचं वीतभर पाणी मोरीत किंवा गटारीत ओतू नका, कोरड्या मातीवर किंवा कुंडीच्या मातीत ओता. एडिसची अळी सावली पडली की बुडी मारून तळाला जाते आणि बराच वेळ खाली राहते. तांब्याने वरवरचं पाणी आपण वापरतो आणि "गाळाचं पाणी" म्हणून तळाचं ठेवून त्यावरच नवीन भरतो. म्हणजे नेमक्या अळ्याच जपून ठेवतो.

मग आतली भिंत काथ्याने किंवा ताठ ब्रशने कोरडीच घासा, आधी पाणी मारू नका. नेहमी पाणी जिथपर्यंत असतं त्या रेघेच्या वरचा चार बोटं पट्टा दोनदा. निळ्या प्लास्टिकच्या बॅरलला तोंडाच्या आतल्या बाजूला आटे असतात, तिथे जुना टूथब्रश. पत्र्याच्या टिपाडाला कडेची दुमडलेली पाळ आणि मधल्या दोन कड्या, तिथे गंज धरतो आणि गंजाच्या खडबडीत भागात अंडी छान बसतात. त्यानंतर साबणाच्या पाण्याने खळबळून तेही मातीवर ओता. उन्हात उपडं ठेवलं तर चांगलंच, पण नुसत्या उन्हाच्या भरवशावर घासणं सोडू नका, अंड्याचं वर वाचलंच आहे.

सिमेंटचा हौद उलटा करता येत नाही. तिथे तारेचा ब्रश आणि चारही कोपरे. गिलावा उडालेला असेल तर घोटून घ्या, खडबडीत भिंत घासून कधीच पुरी होत नाही.

झाकण: पत्र्याचं झाकण ठोके पडून वाकतं आणि बोटभर फट राहते, डासाला तेवढी पुष्कळ. त्यापेक्षा दाट विणीचं सुती कापड ताणून, सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा कापून वरून घट्ट बसवा. जुन्या चादरी आपल्याकडे कमी नाहीत. फक्त कापड मधे झोळ पडून पाण्याला टेकता कामा नये. टेकलं की ओलं राहतं आणि ओलं कापड म्हणजे मादीला अंडी घालायला तयार जागा.

अक्कलकोट_नाका
आणि अबेट? आशाताई येऊन पुडी टाकून जातात, आम्ही दुसऱ्या दिवशी धुवून काढतो. वास येतो.

नळाची_वाट
मग टाकून उपयोग काय. अबेट म्हणजे टेमेफॉस, अळ्या मारणारं औषध. एक टक्क्याचे दाणे असतील तर दहा लिटर पाण्याला एक ग्रॅम, म्हणजे दोनशे लिटरच्या टिपाडाला वीस ग्रॅम. पाण्यात त्याचं प्रमाण लिटरला एक मिलिग्रॅम होतं. दाणे सुटे टाकण्यापेक्षा कापडाच्या पुरचुंडीत बांधून दोरीने सोडले तर टिपाड घासताना बाजूला काढून परत घालता येतात. द्रव अबेटचा हिशोब वेगळा आहे, तो कर्मचाऱ्यावर सोडा, घरी अंदाजाने ओतू नका. दर पाण्याला पूर्ण रिकामं करून घासता येत असेल तर त्याची गरजच नाही. हलवता न येणारा हौद किंवा वापरात नसलेली टाकी असेल तिथे त्याचा खरा उपयोग.

पिण्यासाठी नसलेल्या हौदात गप्पी मासे सोडा. मध्यम हौदाला दहा-पंधरा पुरतात, पुढे ते आपले आपण वाढतात, कारण गप्पी अंडी न घालता पिल्लंच देतात. मरतात ते दोन कारणांनी: हौद पूर्ण रिकामा करून ताजं क्लोरिनचं पाणी एकदम भरलं तर, किंवा ब्लीचिंग टाकलं तर. एक तृतीयांश जुनं पाणी ठेवा आणि नवीन हळूहळू सोडा.

होटगीरोड
कूलरचं कुणीच लिहिलं नाही. सोलापुरात मार्च ते जून प्रत्येक घरात कूलर. जूनमध्ये बंद करून माळ्यावर टाकतात तेव्हा टाकीच्या भिंतीवर आणि गवताच्या पॅडमध्ये अंडी तशीच असतात. पुढच्या वर्षी पाणी भरलं की त्यातली टिकलेली फुटतात. हंगाम संपला की पॅड फेकून द्या किंवा जाळा, टाकी घासून कोरडी पुसून ठेवा. हंगामात दर आठवड्याला एकदा पंप बंद करून खालचं बूच काढा, टाकी घासा. खालच्या चार कोपऱ्यांत पाणी राहतंच, तिथे फडकं.

आणि एक. गच्चीवर भर उन्हात ठेवलेल्या पत्र्याच्या टिपाडात मे महिन्यात पाणी इतकं तापतं की अळी टिकत नाही. चाळिशीच्या आसपास सतत राहिलेल्या पाण्यात तिची वाढ होत नाही. म्हणून मे मध्ये शोधायचं ते जिन्याखाली, मोरीत, देवघरामागच्या रांजणात. सावलीत.

पूर्वभाग
मग महापालिकेची धुराची गाडी येते तेव्हा दारं-खिडक्या लावून घेतो ते?

भुईकोट
उलट उघडा. एडिस बाहेर झाडावर फार बसत नाही. घरातच बसतो: पलंगाखाली, कपाटामागे, खुंटीला अडकवलेल्या काळ्या कपड्यांवर. चावतो दिवसा, सकाळी आणि दुपार कलल्यावर. बंद घराच्या बाहेरून गाडी गेली तर तो आत सुखरूप. आणि धूर फक्त उडत्या डासाला मारतो, अळी-अंड्याला काही होत नाही. खुंटीवरचे कपडे कमी करा, त्याने जास्त फरक पडेल. यंत्रमागाच्या शेडमध्ये मागाखालची अंधारी, दमट जागा तशीच, तिथे दिवसपाळीतल्या कामगारांचे पाय उघडे असतात.

सूक्ष्मदर्शी
आता मलेरियाकडे. शहरातला मलेरिया आपल्याकडे मुख्यतः अ‍ॅनाफिलीस स्टीफेन्साय या डासाचा. त्याचं पहिलं वर्णन लिस्टन या डॉक्टरने १९०१ मध्ये केलं ते एलिचपूरच्या, म्हणजे आपल्या विदर्भातल्या अचलपूरच्या डासांवरून. हाच लिस्टन पुढे मुंबईत प्लेगच्या कामात उंदराच्या पिसवांमागे लागला.

या डासाच्या अंड्यावरच शहर आणि खेडं लिहिलेलं असतं. अंड्याच्या दोन्ही बाजूंना हवेचे तरंगते कप्पे असतात, त्यांना फ्लोट म्हणतात. त्यावरच्या आडव्या कंगोऱ्यांची संख्या मोजायची. शहरी 'टाइप' प्रकारात एका बाजूला साधारण १४ ते २२, खेड्यातल्या 'मायसोरेन्सिस'मध्ये ९ ते १५, मधला प्रकार १२ ते १७. हे प्रकार पहिल्यांदा स्वीट आणि राव यांनी १९३७ मध्ये वेगळे केले. टाइप प्रकार घरातल्या टाक्यांमध्ये आणि विहिरींत वाढतो आणि मलेरिया जोरात पसरवतो. मायसोरेन्सिस गुरांवर जास्त जगतो आणि मलेरियाच्या बाबतीत दुबळा.

मोजायची रीत: पोट भरलेली मादी पकडून अंडी परिपक्व होईपर्यंत ठेवायची, ओल्या गाळणकागदावर अंडी घालू द्यायची, काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली कंगोरे मोजायचे. आकड्यांच्या कक्षा एकमेकांवर चढतात, म्हणून एका अंड्यावरून निर्णय द्यायचा नाही. एका मादीची दहा-पंधरा अंडी मोजून सर्वांत जास्त वेळा येणारा आकडा घ्यायचा. विद्यार्थी पहिली दोन अंडी बघून "टाइप" लिहून मोकळे होतात.

कंगोरे जास्त असल्याने शहरात जगायला मदत होते, असं मात्र म्हणता येत नाही. ती खूण आहे, हत्यार नव्हे. शरीरात दिसणारा प्रत्येक फरक "जुळवून घेणं" समजू नये.

हा डास आता आफ्रिकेतही पोचलाय, २०१२ मध्ये जिबूतीत आणि २०१६ मध्ये इथियोपियात सापडला. तिथला मलेरिया बहुतांशी खेड्यातला, हा टाकीतला डास शहरात शिरल्याने तिथे सगळे हबकलेत.

नळाची_वाट
म्हणजे जुळे सोलापूरच्या अपार्टमेंटांच्या गच्चीवरच्या टाक्या. स्टीफेन्साय वरच्या मजल्याला घाबरत नाही. टाकीचं झाकण सगळे बघतात, ओव्हरफ्लोचा पाईप कुणी बघत नाही. त्याला खाली तोंड असलेला एल्बो लावा आणि तोंडावर नायलॉनची जाळी स्टीलच्या क्लिपने आवळा. तारेने बांधू नका, गंजून सुटते. बोअरचं पाणी असेल तर क्षार साठून जाळी बुजते, मग पाणी झाकणातून वर येतं आणि वॉचमन वैतागून जाळीच फाडून टाकतो. महिन्यातून एकदा जाळी काढून पातळ व्हिनेगरमध्ये बुडवली की क्षार सुटतो. हवेच्या पाईपलाही तसंच. नवीन बांधकामावरच्या क्युरिंगच्या टाक्या आणि लिफ्टचा खड्डा हे आणखी दोन अड्डे.

माळवद_आणि_वासा
तुम्ही सगळे डासांवरच अडकलात. शरीर खरं बदललं ते ढेकूण-पिसवांचं.

ढेकणाला पंख नाहीत, नुसते ठोंब उरलेत. अंग वरून खाली चपटं, बाजेच्या नवारीच्या पदरात आणि वाशाच्या फटीत मावेल असं. पिसू मात्र उभी चपटी, दोन्ही बाजूंनी दाबलेली, कारण तिला केसांच्या मधून पळायचं असतं. एकाला फट, दुसरीला केस. पिसवेलाही पंख नाहीत, पण उडी मारण्याची ताकद साठवणारा रेझिलिनचा रबरी भाग तिच्या अंगात ज्या जागी आहे ती उडणाऱ्या पूर्वजांच्या पंखाच्या सांध्याची.

अंगावरच्या उवेचं तर घरच कपडा. डोक्यातली ऊ केसाला लिख चिकटवते, अंगावरची शिवणीला. ती डोक्यातलीपेक्षा मोठी, आणि टायफसचा ताप पसरवते ती हीच. म्हणून शिवणीवर गरम इस्त्री.

दक्षिण अमेरिकेत मातीच्या भिंती आणि गवती छपरांच्या घरात ट्रायटोमा इन्फेस्टन्स नावाचा रक्त पिणारा मोठा ढेकूण राहतो, शागासचा रोग पसरवतो. रानातून घरात आलेल्या अशा किड्यांमध्ये अंग लहान झालं, मिशांवरच्या संवेदी केसांचे प्रकार आणि संख्या घटली. कारण असं देतात की घरात अन्न भिंतीपलीकडे झोपलेलं असतं, लांब उडायला नको, वास दुरून घ्यायला नको, आणि गर्दीत थोड्या रक्तावर कात टाकणारी पिल्लंही जगून जातात. आपल्या माळवदाच्या घरांसारखीच घरं, पण तो किडा आपल्याकडे नाही आणि शागासही नाही. उगीच कुणी घाबरून माळवद उतरवू नये.

सूक्ष्मदर्शी
ढेकणाबद्दल एक स्पष्ट करू. तो रोग पसरवतो याचा पुरावा नाही. खाज, झोपमोड, खाजवून जखम, एवढंच. आणि अंग लहान होण्याबाबत सावध राहा. डास लहान दिसला तर तो पिढ्यान्‌पिढ्या बदलला असं नाही, टिपाडात अळ्यांची गर्दी आणि अन्न कमी असलं तरी त्याच पिढीत डास बारका निघतो. लहान एडिस मादी मात्र जास्त त्रासाची, कारण अंड्यांसाठी तिला अनेकदा एका जेवणाने भागत नाही, पुन्हा पुन्हा चावते.

माळवद_आणि_वासा
मान्य. पण ढेकणाचे पाय बघा. युरोपातला लेक्ट्युलेरियस जातीचा ढेकूण गुळगुळीत भांड्याच्या भिंतीवरून चढू शकत नाही, त्यावरच पलंगाच्या पायाखाली ठेवायचे सापळे बनतात. आपल्याकडचा हेमिप्टेरस चढतो. त्याच्या पायाच्या टोकाशी चिकटणारे केस जास्त असतात. बाहेरून मागवलेला सापळा म्हणून इथे फसतो. वाटीच्या आतल्या भिंतीला टाल्कम पावडर नीट चोळली तर जरा अडतो, पण दर काही दिवसांनी पुन्हा चोळावी लागते. बाजेला सोपं: सांध्यांत उकळतं पाणी. ताप आतपर्यंत पन्नास अंशांच्या वर गेला की अंडीही मरतात, फक्त पाणी भोकातून आत शिरलं पाहिजे, वरून शिंपडून नाही.

अक्कलकोट_नाका
स्प्रे मारून मारून ढेकूण मरतच नाहीत हो. बाटली संपते.

सूक्ष्मदर्शी
ते शरीरातलंच कारण. औषधाला दाद न देणाऱ्या ढेकणांत आणि काही डासांत वरची कातडी, म्हणजे क्युटिकल, जाड झालेली आढळली आहे. औषध आत झिरपायला वेळ लागतो, तेवढ्यात शरीर ते मोडून टाकतं. लेबलपेक्षा पातळ करून मारलं की कच्चे मरतात, जाड कातडीचे उरतात आणि त्यांचीच पुढची पिढी. एकाच गटातली दोन औषधं, म्हणजे दोन्ही पायरेथ्रॉइड, आलटून पालटून मारण्यात अर्थ नाही. बाटलीवर शेवटी 'थ्रिन' असलेलं नाव दिसलं की समजा गट तोच.

सारवलेल्या भिंतीवर आरोग्य खात्याने फवारणी केली असेल तर अडीच-तीन महिने शेणाने सारवू नका. औषध सारवणाखाली झाकलं जातं आणि किड्याच्या पायाला लागतच नाही.

भुईकोट
क्युलेक्स राहिला. हत्तीरोगाच्या जिल्ह्यांच्या यादीत सोलापूर अनेक वर्षं होतं, तो याच डासाचा. घाण पाण्यात वाढतो, अळीची श्वासनळी लांब आणि सडपातळ, त्यामुळे डोकं खाली सोडून तिरकी लटकते आणि वरचा श्वास चालू. अंडी एकमेकांना जोडून तराफ्यासारखी पाण्यावर सोडतो. म्हणजे एडिसच्या अगदी उलट: इथे घासण्यापेक्षा पाणी बंद करणं कामाचं. सेप्टिक टँकच्या व्हेंट पाईपच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधा. तोंड उघडं असलं तर हजारोंनी बाहेर पडतात. टँकचं फरशीचं झाकण सिमेंटने सांधा, कडेने तडा गेला तरी पुरतं.

होटगीरोड
खिडकीची जाळी कुठली घ्यावी? दुकानदार "मच्छर जाळी" म्हणून एकच देतो.

नळाची_वाट
डासासाठी साधारण सव्वा मिलिमीटरची भोकं चालतात. मच्छरदाणीला चौरस इंचाला १५६ भोकं असतात, तोच अंदाज धरा. पण गोठा लागून असेल, भिंतीला भेगा असतील तर वाळूमाशीही येते, ती दोन-तीन मिलिमीटरची, साध्या जाळीतून सरळ आत. मेंदूज्वर आणणाऱ्या चांदीपुरा विषाणूचा संबंध याच माशीशी जोडला जातो, १९६५ मध्ये तो नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात पहिल्यांदा सापडला. तिच्यासाठी जाळी निम्म्या आकाराच्या भोकांची लागते, आणि मग वारा अडतो. आपल्या उन्हाळ्यात ती कुणी लावून ठेवणार नाही. त्यापेक्षा भिंतीच्या खालच्या सहा फुटांतल्या भेगा चुना-सिमेंटने बुजवा. ही माशी उडते कमी, टुणटुण उड्या मारते, सहसा त्याच्या वर जात नाही. गोठ्यातलं शेण आणि ओला पालापाचोळा घरापासून लांब न्या, तिची अळी त्या ओल्या मातीतच वाढते.

जाळीची चौकट बसवताना खालची पट्टी आधी बघा. वरून सगळे ताणतात, खाली फेविकॉल सुटून बोटभर फट राहते.